सागरगोटे

सागरगोटा फरशीवर जोरात घासला की चांगलाच तापतो. तो हळूच शेजारणीच्या दंडाला टेकवून चटका द्यायचा, हा आमच्या वाड्यातला दुपारचा ठरलेला उद्योग. आजीचे पाच सागरगोटे होते. राखाडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन. संधिवाताने तिची बोटं वाकली होती, तरी झेल सुटत नसे. ती गेल्यावर ते माझ्याकडे आले. वसतिगृहात परीक्षेच्या रात्री ते बाहेर निघायचे, पुढे लेकीला कांजिण्या झाल्या तेव्हाही निघाले.

लेकीच्या नोकरीमुळे व्हिएन्ना पाहायला मिळालं. शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या. सहा वर्षांच्या मोत्सार्टने 1762 मध्ये इथेच सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे वादन केलं होतं. सोनेरी वेलबुट्टी, आरसे, झुंबरं सगळं पाहिलं, पण मन कशातच गुंतलं नाही. ते गुंतलं 1891 मध्ये उघडलेल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये, पीटर ब्रूगलच्या दालनात.

‘मुलांचे खेळ’ हे त्याचं 1560 सालचं चित्र. लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, पाच फुटांहून जरासं जास्त रुंद. त्यात दोनशेच्या वर मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. कोणी काठीने कडं पळवतंय, कोणी पायांना काठ्या बांधून चालतंय. आंधळी कोशिंबीर तर मी लांबूनच ओळखली. आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात दोघीजणी जमिनीवर बसून चक्क आपले सागरगोटे खेळताहेत! त्यांचे गोटे म्हणजे मेंढीच्या घोट्याची हाडं, एवढाच काय तो फरक. लेकीला हाताला धरून ओढत आणलं. ती म्हणाली, “आई, ही तर पणजी!”

चित्रातली मुलं फारशी हसत नाहीत. खेळताना आजीचा चेहरा असाच असायचा, हिशेबाला बसल्यासारखा. घरातले पुरुष या खेळाला रिकामपणाचा उद्योग म्हणत, ते मला तेव्हाही खुपायचं. इथे एका थोर चित्रकाराने त्या उद्योगाला राजाच्या तसबिरीइतकं मन लावून रंगवलं होतं. पुढे 1594 मध्ये आर्चड्यूक अर्न्स्टने हे चित्र घेतलं आणि गल्लीतली ही पोरं हाब्सबुर्ग राजघराण्याच्या संग्रहात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी प्राटरला गेलो. हे पूर्वी बादशहाचं शिकारीचं रान. 1766 मध्ये दुसऱ्या योझेफने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. चेस्टनटच्या सावलीत चालताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आपल्याकडे पैठण्या जपतात, दागिने जपतात, पण हे खेळ कोण जपतं? पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरोघरच्या वस्तू जमवल्या, म्हणून त्यांचं संग्रहालय मला इतकं आपलं वाटतं. पण वस्तू कपाटात ठेवता येते. डाव मात्र कोणीतरी शिकवावाच लागतो.

परतल्यापासून आजीचे डाव एका वहीत उतरवते आहे. कुठल्या डावात झेल उपड्या हातावर घ्यायचा, यावर माझं आणि मावसबहिणीचं फोनवर अजून भांडण चालू आहे.