कडेचा हात

देहूत फोटो स्टुडिओ चालवायचा म्हणजे वारीच्या दिवसांत जेवायलाही फुरसत नसते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला पालखी सोहळा आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतो. त्यातला एखादा फोटो घेऊन लोक येतात. "दादा, तुळशीपानांची बॉर्डर टाका."

बॉर्डर दोन तऱ्हांनी लागते. तयार पीएनजी चौकट फोटोवर ठेवली की काम मिनिटात होतं, पण कडेचं सगळं झाकलं जातं. फोटोशॉपमध्ये कॅनव्हास साइज वाढवली तर कागद बाहेरून वाढतो आणि फोटो शाबूत राहतो.

मागच्या वर्षी चाकणला कंपनीत कामाला असलेला एक मुलगा आला. फोटोत त्याचे वडील होते, खांद्यावर पताका. वारीनंतर महिन्याभरात ते गेले. अगदी कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात पाण्याची बाटली पुढे करत होता. "आईचा आहे," तो म्हणाला. "आता बांगड्या नाहीत."

फोटो ३:४ मापाचा, फ्रेम ८ बाय १२ इंच. मी फोटो साडेसात बाय दहावर बसवला. बाजूंना पाव-पाव इंच उरला, वर-खाली एकेक. पानं वर-खाली लावली, बाजूंना नुसती बारीक रेघ. हात राहिला.

आता बॉर्डर दाखवायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, "कडेला कोण आहे?"