हाडांचा जमाखर्च



२०२२ च्या संवत्सरीची संध्याकाळ. मालवणात आपल्या समाजाची घरे मोजकी, त्यामुळे एका घरी जमून आम्ही प्रतिक्रमण करतो. खमासमणा देण्यासाठी मी गुडघे टेकले, मस्तक जमिनीला लावले आणि मग उठताच येईना. सूनबाईने आधार देऊन बसते केले. कमरेतून उजव्या पायात कळ गेली होती आणि पायाचा पंजा वर उचलत नव्हता. पाठ तर दोन वर्षांपासून दुखत होती. पण घरातल्या बाईची पाठ दुखायचीच, असे मानून मी ते कुणाला सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात घाट चढून कोल्हापूर गाठले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता आणि त्याखाली नस दाबली गेली होती. पायाची शक्ती कमी होत चालल्याने फार थांबता येणार नव्हते. दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी धरून ठेवायचे, मध्ये हाडाचा चुरा भरायचा आणि कालांतराने दोन्ही हाडे एकजीव होऊ द्यायची, अशी ही मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्पायनल फ्युजन. त्याआधी डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी करवली. खुब्याचा आकडा आला उणे ३.१. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली गेले की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांची ठिसूळता. मी तेव्हा पासष्ट वर्षांची होते.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. नंतर शल्यविशारद जे म्हणाले ते आजही आठवते. ते म्हणाले, "मी स्क्रू बसवले आहेत, पण ते ज्यात बसवले ते लाकूड भुसभुशीत आहे. मणके जुळायला सहा महिने ते वर्ष लागेल. तोवर स्क्रू सैल होऊ नयेत आणि शेजारचा मणका दबू नये, यासाठी आता हाडांचे औषध ठरवावे लागेल." कोणते औषध, याचा विचार करायला त्यांनी आम्हाला थोडे दिवस दिले. कोल्हापुरात नणंदेच्या घरी, कमरेला पट्टा बांधून पडल्या पडल्या, मी तो विचार केला.

आमचे हे चाळीस वर्षे मालवणच्या बाजारपेठेत किराण्याचे दुकान चालवतात. त्यांना कोणतीही गोष्ट वहीवर मांडल्याशिवाय कळत नाही. हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी ते ओळखले आणि त्याच भाषेत समजावले. हाड हे जिवंत असते. त्यात जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात, तो खर्च. आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी असतात, ती जमा. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या शरीरात खर्च जमेपेक्षा वाढतो आणि भांडवल आटत जाते. औषधेही म्हणून दोन जातींची. बहुतेक औषधे खर्च थांबवतात. थोडी औषधे नवी जमा करतात.

खर्च थांबवणाऱ्यांत पहिली अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही न खाता, न लवंडता ताठ राहायचे. नाहीतर ती अन्ननलिकेला इजा करते. नवकारशी पाळणाऱ्याला हे अवघड नाही, पाणी तोंडात घेण्याच्या वेळीच गोळी घेता येते. पण मला जुन्या आम्लपित्ताचा त्रास होता. दुसरे झोलेड्रोनिक ॲसिड, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे. तिसरे डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचायचे. आणि जमा करणारे टेरिपॅराटाइड: रोज एक टोचणी, पोटावर किंवा मांडीवर, जास्तीत जास्त दोन वर्षे.

यांनी लगेच निवाडा दिला, "सहा महिन्यांचे घेऊ. वर्षाला दोन फेऱ्या, हिशेब सोपा." मलाही ते पटले होते. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, "तुमच्या घरात औषधाची तारीख कधी चुकली आहे का?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हंगामाच्या दिवसांत आठवडा-आठवडा राहून जातात. आमच्याकडे उधारीची तारीख चुकत नाही, औषधाची चुकते. बाईंनी सांगितले की डेनोसुमॅब उत्तम औषध आहे, पण त्याची टोचणी लांबली किंवा पुढची व्यवस्था न करता ते थांबवले, तर दाबून ठेवलेला खर्च एकदम उसळतो आणि पाठीचे एकापेक्षा अधिक मणके दबल्याची उदाहरणे आहेत. ज्या घरात 'पुढच्या महिन्यात जाऊ' असे म्हणतात, त्या घराने हे औषध विचार करून घ्यावे.

माझ्यासाठी त्यांचा कल टेरिपॅराटाइडकडे होता. मणके जुळायचे म्हणजे नवे हाड तयार व्हायला हवे, म्हणून आधी जमा आणि मग कुलूप, हा क्रम. २०१२ साली जपानमधील चिबा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कंबरेचे मणके जोडलेल्या ५७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. टेरिपॅराटाइड घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जणींचे मणके जुळले, खर्च थांबवणारी गोळी घेतलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचे; आणि जुळायला सरासरी दहाऐवजी आठ महिने लागले. अभ्यास लहान आहे, त्याला वचन समजू नका, असे बाईंनी बजावले. उंदरांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने हाडांचा कर्करोग दिसला होता, तेही लपवले नाही. माणसांतील अनेक वर्षांच्या अनुभवात तसे आढळले नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तो ठळक इशारा काढून टाकला. ज्यांनी हाडांवर किरणोपचार घेतले आहेत किंवा ज्यांच्या रक्तात कॅल्शियम जास्त आहे, त्यांना मात्र हे औषध देत नाहीत. माझ्या रक्ताच्या तपासण्या करूनच त्यांनी होकार दिला.

आता अडचणी दोन होत्या. एक माझी, एक मालवणची.

माझी अशी. नणंदेबरोबर येत्या फाल्गुनात वर्षीतप सुरू करायचे ठरले होते. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे, अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे. कितीतरी वर्षांची ती इच्छा. बाईंनी स्पष्ट नकार दिला. दोन वर्षे शरीराला रोज कॅल्शियम आणि पुरेसे अन्न लागेल, नाहीतर औषध रचणार कशाचे? त्या रात्री मी पुष्कळ रडले. भावना होती तेव्हा संसार होता, संसार हलका झाला तेव्हा कणा राहिला नाही.

त्यात आणखी एक घाव बसला. यांना प्रत्येक वेष्टनावरचा मजकूर वाचण्याची सवय. कित्येक वर्षे मी घेत असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी चष्मा लावून वाचली आणि गप्प झाले. बारीक अक्षरांत लिहिले होते, ऑयस्टर शेलपासून. म्हणजे कालवाच्या शिंपल्यांपासून. ओहोटीला खडकांवर बसून कालवे फोडणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या, आणि तेच शिंपले रोज सूर्यास्तापूर्वी, व्रत सांभाळून, गिळत होते.

चातुर्मास अजून सरला नव्हता. पट्टा बांधूनच मला उपाश्रयात नेले. वाकता येत नव्हते. उभ्यानेच "मत्थएण वंदामि" म्हटले आणि साध्वीजींपुढे सगळे बोलून मोकळी झाले. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, औषध कोणते हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण पच्चक्खाण घेताना आपण आगार म्हणतो, त्यात 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हाही आगार असतो, तो कशासाठी? देहाच्या पीडेने समाधी ढळू नये म्हणून सवलत आधीच ठेवलेली आहे. न कळता झाले त्याची आलोचना कर, कळल्यावर बदल. आणि तप केवळ अनशनाचे नसते, स्वाध्याय हेही तपच आहे.

मग आम्ही नव्याने हिशेब मांडला. शिंपल्यांच्या गोळ्यांऐवजी खनिजापासून केलेले कॅल्शियम मागितले, ते मिळते. 'ड' जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, म्हणून पुडीतील भुकटी घेतली. त्यातील 'ड३' बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून करतात, लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही. डेनोसुमॅब चिनी हॅमस्टर या प्राण्याच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून बनते. मला दिलेले टेरिपॅराटाइड जिवाणूंच्या साहाय्याने बनते. गोळीतील अ‍ॅलेंड्रोनेट रासायनिक. पूर्णपणे निर्दोष असे काही हाती लागले नाही. कमीत कमी दोषाचे आणि आपल्याला खरोखर लागणारे ते घ्यावे, एवढेच आपल्या हाती. उरलेले कॅल्शियम ताटातून: दूध, दही, तीळ आणि आपल्या कोकणची नाचणी. पन्नाशीनंतर स्त्रियांना दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. आमच्याकडे भाकरी पुन्हा सुरू झाली ती अशी.

मालवणची अडचण विजेची. टेरिपॅराटाइडचे पेन साधारण चार आठवडे पुरते आणि ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. गोठले तरी फुकट. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस दिवे नव्हते. एका पेनाला काही हजार रुपये पडतात. हे म्हणाले, "हा माल मालवणात टिकणार नाही." मी म्हटले, टिकवू.

ऑक्टोबरात टोचणी सुरू झाली. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येई, म्हणून पलंगावर बसूनच घेई. रात्री पोटऱ्यांत वांब येत. हळूहळू सवय झाली. सकाळी नवकारशी पारून दूध, मग टोचणी, मग खुर्चीवर बसून सामायिक.

पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस कोसळला आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती आली नाही. शीतपेटी कोमट होऊ लागली, आणि दोनच दिवसांपूर्वी नवे पेन उघडले होते. आमच्या मागल्या दारी एक मच्छीमार कुटुंब राहते. पंचवीस वर्षे शेजार. पण त्यांच्या मासळीच्या टोपल्यांचा वास येतो म्हणून आमची मागची खिडकी पंचवीस वर्षे बंद. यांना दारात अस्वस्थ उभे पाहून त्या घरच्या वहिनींनी विचारपूस केली. ऐकताच त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून धक्क्याकडे गेला आणि बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आला. पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू व्हायला चारच दिवस होते, म्हणून कारखान्यात बर्फ होता. सोबत थर्माकोलची कोरी पेटी. वहिनी मला म्हणाल्या, "वैनी, माका आधी कित्याक नाय सांगलास? बर्फाक हयसर काय तोटो आसा?"

पेन स्टीलच्या डब्यात, डबा टॉवेलात, टॉवेल बर्फापासून दूर, शेजारी मुलाने आणलेले लहान तापमापक. रात्रभर सूनबाईने दर तासाला पाहिले. काटा सहा-सातवर राहिला. पेन वाचले. मासळीसाठी केलेल्या बर्फाने माझ्या हाडांचे औषध जपले, या गोष्टीवर मी त्या रात्री खूप वेळ विचार करीत पडले होते. मी कुणाचे काय खाणे-पिणे आहे ते मोजत आले. कुणाचे माझ्यावर किती ऋण आहे ते मोजले नव्हते.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी मागल्या दाराने गेले आणि हात जोडून वहिनींना "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले. त्यांना अर्थ कळला नाही. मी सांगितला. त्या हसल्या आणि चहा ठेवू लागल्या. सूर्य मावळायला अवकाश होता, मी घेतला. आता आमची मागची खिडकी उघडी असते.

वर्षानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही मणक्यांमध्ये हाडाचा पूल दिसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन वर्षे पुरी झाली. टेरिपॅराटाइड थांबवून पुढे काहीच घेतले नाही तर कमावलेले भांडवल पुन्हा ओसरते, म्हणून दात तपासून, मूत्रपिंडाची चाचणी करून, पुढच्याच महिन्यात झोलेड्रोनिक ॲसिड घेतले. दोन दिवस ताप आणि अंगदुखी झाली, ती पहिल्या वेळी अनेकांना होते. खुब्याचा आकडा आता उणे २.८ आहे. फार मोठी झेप नव्हे. पण खाते घसरायचे थांबून वर चढले आहे. पंजा उचलतो. जमिनीला मस्तक लावता येत नाही.

वाचक भगिनींनो, माझे औषध ते तुमचे औषध असे समजू नका. वय, मूत्रपिंड, पोट, हृदय, आधीची औषधे, यांवर ते ठरते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. पण त्यांच्यापुढे बसताना आपली वही खरी मांडा: दुखणे किती वर्षे लपवले, कोणत्या तारखा चुकतात, कोणते नियम आहेत, घरात वीज किती टिकते. साठी ओलांडली असेल, उंची कमी झाली असेल, पाठ सतत दुखत असेल, तर डेक्सा चाचणीसाठी संवत्सरीच्या संध्याकाळची वाट पाहू नका.

नणंदेचे वर्षीतप पूर्ण झाले. तिच्या पारण्याला मी गेले होते, उसाचा रस मीच तिच्या हातात दिला. उभी राहून दिला, ताठ.