आक्कांची सकाळची गोळी

मुलुंड पूर्वेच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आक्कांचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. लग्नानंतर सांगलीकडून मुंबईस येऊन पन्नास वर्षे लोटली, तरी मंदिराला त्या अजून 'बस्ती'च म्हणत आणि घरातील लहानथोर त्यांना आक्काच म्हणत. बाहत्तराव्या वर्षी, माघ महिन्यात, त्यांचे दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळच्या वेळी जखडू लागल्या. केस विंचरायला हात वर जाईना. अंथरुणात कूस बदलण्यासाठी सुनेला हाक मारावी लागे. आधी थंडीला दोष दिला गेला, नंतर वयाला. तेल लावून झाले, शेकून झाले. अखेरीस घाटकोपरच्या एका संधिवाततज्ज्ञांनी रक्त तपासून रोगाचे नाव सांगितले: पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीच्या आसपास, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळणारा हा विकार. छातीचा एक्स-रे काढून जुना क्षय दडून बसलेला नाही याची खात्री करून घेतली आणि मगच डॉक्टरांनी औषध लिहिले: प्रेडनिसोलोन, १५ मिलिग्रॅम, रोज सकाळी न्याहारीनंतर.

तिसऱ्या दिवशी आक्कांनी स्वतःची वेणी स्वतः घातली.

या औषधाच्या जन्मकथेतही असाच एक तिसरा-चौथा दिवस आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. जिला अंथरुणातून उठवत नव्हते ती काही दिवसांतच चालू लागली आणि बाजारहाट करून आली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेंच, त्यांचे सहकारी केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच काळात हेही दिसू लागले होते की, मोठी मात्रा दीर्घकाळ दिली की चेहरा सुजून गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, मन अस्वस्थ राहते, आणि औषध थांबवले की दुखणे परत येते. म्हणजे गुण आणि दोष या औषधाच्या पदरात पहिल्यापासून एकत्रच बांधलेले आहेत.

आक्कांच्या घरात मात्र दोषाची बाजू आधी पोहोचली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, त्याच इमारतीतील एका गृहस्थांना म्युकरमायकोसिसमुळे डावा डोळा गमवावा लागला होता. महाराष्ट्रात त्या वर्षी या काळ्या बुरशीने कहर केला. अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी माणसे या औषध दुकानातून त्या औषध दुकानात धावत होती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्यामागची प्रमुख कारणे सांगितली गेली, आणि 'स्टेरॉइड' हा शब्द जिन्यात, लिफ्टमध्ये, बस्तीच्या ओसरीवर दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. त्या वेळी एक गोष्ट कोणी सांगितली नाही, किंवा सांगितली तरी ऐकली गेली नाही. त्याच औषधाने त्याच साथीत असंख्य प्राणही वाचवले होते. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटत होते, आणि प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र काहीही लाभ नव्हता. औषध एकच, पण कोणाला, किती आणि किती दिवस, एवढ्यावर सारे अवलंबून. दुर्दैवाने घबराटीत हे तिन्ही प्रश्न मागे पडले.

गंमत अशी की आक्कांच्या घरात हे औषध तीन रूपांत नांदत होते. नातवाच्या दम्याच्या पंपात ते होते. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचे असते, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, हे त्याला शाळेतल्या पाढ्यासारखे पाठ होते. पावसाळ्यात मांडीवर उठलेल्या गजकर्णासाठी मुलाने चिठ्ठीवाचून आणलेल्या मलमाच्या ट्यूबमध्येही ते होते. खाज दोन दिवसांत थांबली आणि चट्टा महिनाभर पसरत राहिला. अशा मलमांच्या मोकाट विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या बंधनाखाली आणली, पण दुकानाच्या फळीवर सवय कायद्यापेक्षा वरच्या खणात असते. तिसरे रूप आक्कांची गोळी. तिघांपैकी घरात 'स्टेरॉइड' म्हणून ओळखली जाई ती फक्त ही गोळी, आणि भीतीही तिचीच.

भाद्रपद आला तोवर डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत साडेसात मिलिग्रॅमवर आणली होती. आक्का मुलुंड स्थानकाचा पूल न थांबता चढू लागल्या होत्या. दुखणे उरलेच नव्हते. मग गोळी कशासाठी? त्यातून गावाकडून आलेल्या एका नातलग बाईंनी पाकिटावरचे नाव मोबाइलवर शोधून, "आक्का, हे तर तेच की हो!" असे म्हटले. दशलक्षण पर्व दोन दिवसांवर होते. पंचमीचा उपवास, मधले दिवस एकासन, पुन्हा अष्टमीचा उपवास असा नेम आक्कांनी मनाशी धरला. गोळी अन्नाबरोबर घ्यायची असते आणि अन्न तर सोडलेले. दोन्ही हिशेब जुळले. चतुर्थीपासून आक्कांनी गोळी बंद केली आणि कोणाला सांगितले नाही.

चौथ्या दिवशी त्यांना मळमळू लागले. अंग मोडून आले. सूनबाई म्हणाली, "आक्का, आज पारणं करा." आक्का म्हणाल्या, "उपवासाचा थकवा आहे, उतरेल." त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरेच तसे वाटत होते, आणि येथेच सारा धोका होता, कारण उपवासाची ग्लानी आणि स्टेरॉइड एकाएकी तोडल्याने येणारी ग्लानी सुरुवातीला हुबेहूब सारख्या दिसतात. अष्टमीच्या पहाटे त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. रुग्णालयात वरचा रक्तदाब ८० भरला, रक्तातील सोडियम आणि साखर दोन्ही उतरलेले. "रोजची औषधे कोणती?" या प्रश्नावर मुलाने रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले आणि तो थांबला. नातू मात्र धावत घरी जाऊन देव्हाऱ्यामागचा स्टीलचा डबा घेऊन आला. त्यातील पट्टीवर पाच दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा होत्या. त्या पट्टीने निदान केले. हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून गेले, सलाइन सुरू झाले, आणि संध्याकाळी आक्का उशीला टेकून बसल्या.

मुलगा रागावला होता. "जेवण सोडलंत ते समजलं, औषध कशाला सोडलंत?"

"दोन्ही नेमच होते रे," आक्का म्हणाल्या. "एक सांगितला, एक नाही सांगितला."

पुढच्या आठवड्यात घाटकोपरचे डॉक्टर त्यांना रागे भरले नाहीत. त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोन मूत्रपिंडे काढली आणि प्रत्येकावर एक टोपी. "आजी, या टोप्या म्हणजे ग्रंथी. शरीराला लागणारे स्टेरॉइड या रोज स्वतःच तयार करतात. तुमच्या गोळीच्या मापात मोजलं तर साधारण पाच मिलिग्रॅमइतकं. पहाटेपासून वाढत सकाळी आठच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं, म्हणून तुमची गोळीही सकाळची. बाहेरून आयतं मिळू लागलं की या ग्रंथी हळूहळू झोपी जातात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी घेतली, तर त्यांना जागं व्हायला महिने लागू शकतात. तुम्ही गोळी तोडलीत तेव्हा आतलं दुकान बंद आणि बाहेरचा मालही बंद."

आक्कांनी विचारले ते वेगळेच. "हे प्राण्यापासून करतात का?" प्रश्न रास्त होता. सुरुवातीचे कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून, तीसहून अधिक पायऱ्यांच्या खटाटोपाने बनवले जाई. पुढे मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून आणि सोयाबीनपासून कच्चा माल मिळू लागला. त्यातील सर्वांत अवघड पायरी अमेरिकेतील अपजॉन कंपनीच्या रसायनज्ञांनी १९५२ मध्ये रायझोपस नावाच्या बुरशीकडून करवून घेतली. २०२१ मध्ये भारतात ज्या बुरशांनी डोळे घेतले त्यांत याच रायझोपसचा वाटा सर्वांत मोठा होता. आजही मूळ औषध वनस्पतिजन्य मालापासून करता येते. गोळी बांधण्यासाठी लागणाऱ्या इतर घटकांची खात्री हवी असेल तर कंपनीला विचारावे, असे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. औषध कंदापासून निघाले हे ऐकून आयुष्यभर कांदा-बटाटा न शिवलेल्या आक्का मात्र हसल्या.

उपवासाचा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत सुटण्यासारखा नव्हताच. तो बस्तीत सुटला. तेथील वयोवृद्ध पंडितजींनी सोळा कारण भावनांची आठवण दिली. त्यांत तप आहे, पण 'शक्तितस्तप' आहे, शक्तीप्रमाणे. गोळी चालू आहे तोवर निर्जळ वा निरन्न उपवास नाही. एकासन करायचे झालेच तर डॉक्टरांना विचारून. रात्रिभोजनाचा त्याग या औषधाच्या आड येतच नाही, उलट सोयीचाच ठरतो, कारण ही गोळी उशिरा घेतली तर झोप उडते. स्वाध्याय, मौन, एखाद्या रसाचा त्याग यांना तर गोळीची आडकाठी नव्हतीच.

त्यानंतर स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणांशेजारी नातवाच्या अक्षरात रोजची मात्रा लिहिली जाऊ लागली. घरातील साखर मोजण्याच्या यंत्राचाही वापर बदलला. पूर्वी सकाळी रिकाम्या पोटी मोजत आणि आकडा चांगला येई. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन साखर चढवते ती दुपारनंतर. जेवणानंतर दोन तासांनी मोजल्यावर प्रथमच २३० दिसले, आणि ताटातील गोड कमी झाले. हाडांसाठी दूध, तीळ, नाचणी, डॉक्टरांनी दिलेले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. गुडघा दुखला तर दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी आणायची नाही, कारण या दोघांची पोटात जखमा करण्याची युती असते. ताप आला तर डॉक्टरांना फोन करून काही दिवस मात्रा वाढवायची. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकेना तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, कारण तेव्हा इंजेक्शन लागते. जुन्या चिठ्ठीवर परस्पर नवे पाकीट आणायचे नाही. मुलाच्या ट्यूबची रवानगी कचऱ्यात झाली आणि तो निमूटपणे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला.

उतरणीला सव्वा वर्ष लागले. पाच मिलिग्रॅमच्या पुढे वेग आणखी मंदावला. एकदा खांदे पुन्हा जखडले, तेव्हा एक पायरी परत वर जावे लागले आणि आक्का दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. दिनदर्शिकेवर शेवटी अर्ध्या गोळीचे चौकोन उरले, मग एकाआड एक. एका सोमवारी सकाळी आठ वाजता, त्या दिवशीची गोळी न घेता, त्या कॉर्टिसोलच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत रक्त देऊन आल्या. आकडा समाधानकारक निघाला. "आता बंद," डॉक्टर म्हणाले, "पण कार्ड वर्षभर पर्समध्येच ठेवा. अपघात झाला, शस्त्रक्रिया ठरली, तर समोरच्या डॉक्टरांना कळायला हवं."

कार्तिकात भाचीच्या लग्नासाठी आक्का सांगलीला निघाल्या. सूनबाई पिशवी भरत होती. आक्कांनी पर्स उघडून आतला कप्पा तिला दाखवला. रेल्वेच्या तिकिटामागे निळ्या शाईतील ते कार्ड होते, आणि त्यावर नातवाचा फोन नंबर.