सेंट क्लेअरच्या काठी एक होडी

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस नायगारा आणि न्यूयॉर्कबद्दल लिहितो. मीही ती दोन्ही पाहिली. पण २०२३ च्या ऑक्टोबरात मिशिगनला मावसभावाकडे तीन आठवडे राहिलो, त्यातले निम्मे दिवस एका होडीच्या पोटात डोके घालून गेले, तेव्हा लिहायचे ते तिच्याबद्दलच.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्याने उमेदवारी केली, आणि १९९० नंतर डेट्रॉईटच्या मोटारधंद्यात शिरला तो तिथलाच झाला. वहिनी धारवाडच्या. त्यांच्या घरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. आपल्या वाचकांना त्याचे नवल वाटायचे कारण नाही. शहापुरात मावशी एकटी असते. वय चौऱ्याऐंशी. दादा दर जानेवारीत तिच्याकडे येतो, निदान येत असे. गेली दोन वर्षे आला नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी चहा झाला आणि दादाने टेबलावर एक कागद पसरला. वर इंग्रजीत 'हिवाळी कामे' असे लिहिलेले, खाली एकोणीस ओळी. पहिली ओळ ठळक : नवे इंजिन.

होडी चोवीस फुटी, फायबरची, निमुळत्या नाकाची. आपल्याकडची मच्छीमारी होडी डोळ्यांसमोर आणू नका. ही निव्वळ वेगासाठी बांधलेली. पोटात मोटारीसारखेच आठ सिलिंडरांचे इंजिन, ७.४ लिटरचे, ३८५ अश्वशक्तीचे. मागच्या फळीबाहेर गिअरची पेटी आणि पंखा लोंबतो, त्याला आउटड्राइव्ह म्हणतात. पूर्ण जोर लावला की ताशी ६२ मैल, म्हणजे शंभर किलोमीटर. दादाला त्या जागी ८.२ लिटरचे, ५०० अश्वशक्तीचे इंजिन हवे होते.

मालवण-वेंगुर्ल्याकडे होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढतात, वर झापांची खोप घालतात आणि त्या दोन-तीन महिन्यांत डागडुजी उरकतात. इथे हेच हिवाळ्यात. कारण मात्र वेगळे. इंजिन तलावाचेच पाणी आत ओढून थंड होते आणि तेच पाणी बाहेर टाकते. त्यातले तांब्याभर जरी ओतीव लोखंडाच्या पोकळीत राहिले तरी डिसेंबरात त्याचा बर्फ होतो. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाला तडा जातो. हे मला कॉलेजात कोणीतरी शिकवले असेल. कळले ते दादाने ब्लॉकच्या तळाचे बूच काढले तेव्हा. पाणी आले नाही. त्याने तार घालून भोक कोरले, तेव्हा गाळ आला आणि त्यामागून भळाभळा पाणी. "बूच काढलं, पाणी नाही आलं, म्हणून रिकामं समजतात," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये रडतात."

नंतर गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव इंजिनात फिरवले, सिलिंडरमध्ये तेलाचा फवारा मारला, पेट्रोलच्या टाकीत औषध घातले. तिथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी धरते. बॅटरी काढून तळघरात नेली. ही कामे रुक्ष आहेत, पण दादाचे हात पाहत राहावेसे वाटत होते. घरी टीव्हीचा रिमोट न सापडणारा हा माणूस इंजिनाखालचा दहाचा पाना न बघता उचलत होता.

दुसऱ्या रविवारी त्याने मला अल्गोनॅकला नेले. सेंट क्लेअर नदी ह्युरॉन सरोवराचे पाणी घेऊन खाली येते, तळ्याला मिळते, आणि तळ्यातून डेट्रॉईट नदी होऊन एरी सरोवराकडे जाते. तळे हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठे. पण सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. नदीच्या तोंडाशी अल्गोनॅक हे छोटे गाव. आज तिथे फारशी हालचाल नाही. पण १९२२ मध्ये ख्रिस स्मिथ आणि त्याच्या मुलांनी इथे होड्यांचा कारखाना काढला, त्याचेच पुढे जगभर गाजलेले नाव 'ख्रिस-क्राफ्ट'. आणि गार वूडचे नावही याच गावाशी जोडलेले. ट्रकचा हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा काढून त्याने पैसा केला आणि तो सगळा वेगाच्या होड्यांवर उधळला. १९३२ मध्ये त्याची 'मिस अमेरिका दहावी' या नदीवर ताशी १२४.८६ मैलांनी धावली. अडतीस फुटी लाकडी होडी, आत विमानाच्या जातीची चार पॅकार्ड इंजिने, मिळून ६४०० अश्वशक्ती. बरोबर शुभशकुनाला दोन टेडी बेअर! आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो, तेव्हा हसू नये.

काठावर बाकावर बसलो. समोरचा काठ कॅनडाचा. सीमा पाण्यातून जाते, दिसत काहीच नाही. खनिज आणि दगड वाहणारी तीनशे मीटर लांबीची जहाजे त्याच अरुंद पाण्यातून संथ जात होती. "सीमाभाग हाच बघ," मी म्हणालो. दादा हसला नाही. म्हणाला, "आईचा फोन आला होता. विचारत होती, यंदा येणार का?"

"मग?"

"जानेवारीतच वर्कशॉप मोकळं असतं. आगाऊ पैसे महिनाअखेर भरायचेत. इंजिन उतरवताना मी तिथं पाहिजे."

आता मी अर्थशास्त्र शिकवतो. घरच्यांनी माझ्या विषयाचा उपयोग एकदाही करून घेतलेला नाही, पण त्या रात्री मी कागद घेतला. होड्यांच्या वेगाचे क्राउच नावाच्या अभियंत्याचे एक जुने सूत्र आहे, दादाच्याच पुस्तकात सापडले. पाण्यावर सरकत धावणाऱ्या होडीचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे ताकद चौपट केली तर वेग दुप्पट. ३८५ चे ५०० केले, ताकद तीस टक्के वाढली, तर वेग वाढणार चौदा टक्के. बासष्टचे सत्तर.

"आठ मैल," मी म्हणालो. "आठ मैलांसाठी एक जानेवारी."

दादा काही बोलला नाही. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "इन्न साक माडरी!" हे मला होते की त्याला, ते कळले नाही. मला बोलायला नको होते, हे मात्र लगेच कळले. दोन दिवस तो माझ्याशी फक्त पान्यांबद्दल बोलला.

खरे म्हणजे त्याचा मुद्दा केवळ वेगाचा नव्हता. इंजिन जुने, कधीतरी दगा देणार, असे तो म्हणे. म्हणून तिसऱ्या आठवड्यात गुलाबी द्रव आटोपलेले असूनही त्याने पुन्हा आठही प्लग काढले आणि एकेका सिलिंडरचा दाब मोजला. मी आकडे लिहून घेत होतो. आठही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. इंजिन ठणठणीत! त्याचा चेहरा मात्र नापास झालेल्या पोरासारखा.

मग आउटड्राइव्हचे तेल सोडले. काळसर-हिरवे यायला हवे होते, आले दूध घातलेल्या कॉफीसारखे. आत पाणी शिरले होते. कुठल्या तरी शाफ्टचे सील गेलेले. जवळून पाहिले तर रबरी पंख्याच्या पडदीसारखे घडीचे आवरणही चिरलेले. ते फाटले तर पाणी सरळ होडीत, आणि होडी धक्क्याला बांधल्या जागी बुडते. दादा खाली फरशीवर बसला आणि बराच वेळ बोटावरचे ते पांढुरके तेल अंगठ्याने चोळत राहिला.

"या पेटीवर मी पाचशेची ताकद टाकणार होतो," तो म्हणाला.

त्या रात्री यादीवर सोळा ओळी झाल्या, नव्या चार, गेलेल्या सात. सील, बेअरिंगे, रबरी आवरण, पाण्याच्या पंपाचा पंखा, मॅग्नेशियमचे गंजरोधक तुकडे. समुद्रात जस्ताचे चालतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. ही सगळी कामे त्याला घरच्या गॅरेजमध्ये, नोव्हेंबरच्या संध्याकाळी, स्वतःच्या हाताने करता येणारी. वर्कशॉपला त्याने फोन केला की नाही, मी विचारले नाही.

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी होडीला पांढरे प्लॅस्टिक गुंडाळले. गॅसच्या ज्योतीने ते तापवले की आकसून ढोलासारखे ताणले जाते. अंगणात पानगळ, मधोमध हे पांढरे गाठोडे. वहिनी दारातून म्हणाल्या, "आता मार्चपर्यंत आमच्या घरात दोघंच."

जानेवारीत दादा आला. सतरा दिवस राहिला. मावशीने पहिल्या दिवशी विचारले, "होडी कुणावर सोपवून आलास रे?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून न्हाणीघराचा गळका नळ दुरुस्त करून घेतला. चौथ्या दिवशी तो मला घेऊन उद्यमबागेत गेला. खिशातून कागदात गुंडाळलेले एक झिजलेले बेअरिंग काढले आणि जुन्या सोबत्याच्या हातावर ठेवले. दोघे ते उजेडाला धरून तासभर बघत होते. मी बाहेर चहा घेतला.

कागद त्याने टेबलावरच विसरला. तो तीच यादी होती. पंधरा ओळींवर काट मारलेली. पहिली ओळ तशीच, फक्त तिच्यापुढचे २०२४ खोडून पेन्सिलीने २०२५ केले होते.