ठावठिकाणा

लोणी देवकर हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील या गावी ऊस, डाळिंबे, कारखान्यांची वसाहत आणि रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी यांचे राज्य. शीड, सुकाणू, तांडेल हे शब्द तेथे कोणाच्या तोंडी सहसा यावयाचे नाहीत. असे असता, समुद्रावर माणसास त्याचे स्थान आयते दाखवावे की न दाखवावे या प्रश्नावर आमच्या आयुष्यातील एक कडाक्याचा वाद याच गावी, आमच्या मामांच्या पडवीत झाला, असे सांगितल्यास वाचकांस हसू येईल. आम्हांसही प्रथम आलेच होते.

वादाचे मूळ म्हणजे मामांचा नातू. वय वर्षे पंधरा. दहावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली. आणि संगणकावर नौकानयनाचा एक खेळ हाती लागलेला. या खेळात शिडाची नौका एकट्याने समुद्रापार न्यावयाची असते. लाटा, ढग, वाऱ्याचा घोंघाट यांचा देखावा खरोखर इतका हुबेहूब की, पडवीत बसल्या जागी आमच्या पोटात कालवल्यासारखे झाले. "काका, आपण आता अझोर्स बेटांच्या पश्चिमेला आहोत," तो म्हणाला. "कशावरून?" आम्ही विचारले. त्याने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "कशावरून म्हणजे? तिथं लिहिलंय की!" आणि पडद्याच्या कोपऱ्यात अखंड बदलणारे अक्षांश-रेखांशांचे आकडे त्याने बोटाने दाखविले.

हे उत्तर आमच्या मनास बोचले. क्षणोक्षणी तुमचा पत्ता सांगत राहतो तो समुद्र कसला? तो तर दिवे लावलेला हमरस्ता! आम्ही तसे बोलून दाखविताच चिरंजीव सरसावून बसले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आजच्या प्रत्येक नौकेवर उपग्रहांकडून स्थान सांगणारे यंत्र असते, मग खेळातच ते लपवून जुन्या काळाचे सोंग का आणावयाचे? दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती काही डोळ्यांस पट्टी बांधून नव्हे. शिवाय खेळ हा विरंगुळा. त्यात परीक्षेचा ताप कशास?

या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोंदे यांचा पराक्रम यंत्रामुळे तसूभरही उणा ठरत नाही. यंत्र स्थान सांगते, वादळात शीड उतरवावयास हात लावीत नाही. काही खेळांत तर स्थान दाखविणे हाच न्याय होय. २०२० साली 'व्हॉन्दे ग्लोब' या खऱ्या शर्यतीबरोबर संगणकावर तिची जी प्रतिकृती खेळली गेली, तीत दहा लाखांहून अधिक लोक सामील झाले. त्या खेळातील चढाओढ वाऱ्याचे अंदाज वाचून योग्य मार्ग निवडण्याची. बुद्धिबळाच्या पटावरील सोंगट्या झाकून ठेवल्या तर डाव कठीण होईल, पण तो बुद्धिबळाचा राहणार नाही, तसेच हेही. आमचा आक्षेप या खेळांवर नाही. जो खेळ 'मी तुम्हांस समुद्र देतो' असे वचन देतो, त्याच्यापुरताच आमचा प्रश्न आहे. आणि आमच्या भाच्याच्या खेळाने नेमके तेच वचन दिले होते.

समुद्र म्हणजे केवळ पुष्कळ पाणी नव्हे. किनारा दृष्टीआड झाला की चहूंकडे सारखीच दिसणारी क्षितिजाची एक वर्तुळरेषा, आणि तिच्या मध्यबिंदूवर आपण! त्या बिंदूस नाव नाही. ते नाव शोधण्यासाठी माणसाने किती खटपटी केल्या! अरबी आणि हिंदी नाखव्यांनी गाठी मारलेल्या दोरीस लाकडाची फळी बांधून 'कमाल' केला व त्याने ध्रुवाची उंची मोजली. अक्षांश असा आकाशातून मिळे. परंतु रेखांशासाठी मूळ ठिकाणची वेळ दाखविणारे अचूक घड्याळ हवे. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले आणि जॉन हॅरिसन या सुतार-घड्याळजीचे जवळजवळ सारे आयुष्य त्या कामी खर्ची पडले. घड्याळ चार सेकंदांनी चुकले तर विषुववृत्तावर नौका एक सागरी मैल चुकते, एवढे सांगितले म्हणजे त्या खटपटीचे मोल ध्यानी येईल.

हे व्याख्यान भाच्याने ऐकून घेतले. परंतु त्याच्या मुद्रेवर जे दिसत होते त्यास पटणे म्हणता येणार नाही. योगायोगाने तो मार्चचा तिसरा आठवडा होता. दिवस-रात्र समान होतात त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. म्हणून मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली मोजली की आपला अक्षांश निघतो. आम्ही अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवली. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहिली, तेव्हा भाचा गोंधळला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. आपण त्याच्या सुमारे साडेसात अंश पश्चिमेस. एका अंशास चार मिनिटे. सूर्य आपल्या माथ्याजवळ अर्धा तास उशिरा येतो, आणि मार्चमध्ये तो स्वतःही काही मिनिटे मागे असतो. साडेबारा वाजून गेल्यावर सावली थबकली. ती भरली साडेचौतीस सेंटिमीटर. भाच्याने त्रिकोणमितीचे कोष्टक काढले आणि विजयी स्वरात सांगितले, "एकोणीस अंश!"

परंतु लोणी देवकर अठरा अंशांच्या किंचित वर आहे. आमच्या हिशेबाने गाव ९० किलोमीटरांहून अधिक उत्तरेस सरकले आणि थेट नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, वेशीजवळ जाऊन बसले! मामा इतका वेळ ओट्यावरून हा तमाशा पाहत होते. ते आत गेले, गवंडीकामाचा जुना ओळंबा घेऊन आले आणि काठीशी धरून म्हणाले, "काठी कललीय की रं." ती उत्तरेकडे जेमतेम एक अंश झुकली होती. एवढ्याशा कलण्याने गाव नगरास गेले होते. भाचा पोट धरून हसला. आणि मग गप्प होऊन बराच वेळ त्या काठीकडे पाहत राहिला. अझोर्सच्या पश्चिमेस असताना त्याच्या चेहऱ्यावर जे नव्हते ते आम्हांस तेव्हा प्रथम दिसले. आपण चुकू शकतो, हे कळल्याची ती मुद्रा होती. पडद्यावरील नौकेस वादळ लागत होते, तिचे शीड फाटत होते. पण तिला रस्ता चुकण्याची सोय नव्हती. ज्याला चुकता येत नाही त्याला सापडण्याचा आनंद कोठून मिळावा?

सायंकाळी आम्ही त्यास 'गोल्डन ग्लोब' शर्यतीची हकीकत सांगितली. १९६८ साली नऊ जण एकेकटे, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्यास निघाले. पोहोचला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि तोही ३१२ दिवसांनी. त्याची 'सुहैली' ही सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली. त्याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण कोठच्या कोठे पोहोचल्याची खोटी स्थाने तारायंत्राने कळवीत गेला. १९६९ च्या जुलैत त्याची नौका सापडली. तो स्वतः कधीच सापडला नाही. आपले स्थान जगास खोटे सांगता येते, पण स्वतःपासून ते लपविणे कोणासही झेपत नाही, असाच या शोकांतिकेचा अर्थ आम्ही लावतो.

ही शर्यत २०१८ साली पुन्हा सुरू झाली, तेव्हा एक विलक्षण नियम ठेवण्यात आला. नौका कोठे आहे हे दाखविणारे यंत्र प्रत्येक नौकेवर असते. पण ते आयोजकांस आणि घरबसल्या जगास दाखविते, खलाशास नव्हे! त्याच्यापाशी सेक्स्टंट नावाचे कोनमापक यंत्र, घड्याळ, कोष्टके आणि कागदी नकाशे. स्थान सांगणारे यंत्र त्यासही दिलेले असते, परंतु मोहोरबंद पेटीत. केवळ संकटात फोडण्यासाठी. त्या वर्षी आपले कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात 'सुहैली'च्या धर्तीवर बांधलेली 'थुरिया' घेऊन निघाले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांस उचलले. जग त्यांचे स्थान पाहू शकत होते म्हणूनच ते शक्य झाले. २०२२ साली तेच गृहस्थ पुन्हा निघाले आणि २३६ दिवसांनी दुसरे आले. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉयशेफर या बाईंनी वाटेत, ज्याची नौका बुडाली होती त्या प्रतिस्पर्ध्यास वाचविले. त्यास शोधण्यासाठी त्यांना ती पेटी उघडण्याची अनुज्ञा मिळाली, आणि त्याबद्दल दंड झाला नाही.

आमच्या मते सबंध वादाचा निवाडा त्या मोहोरबंद पेटीत आहे. जीवाचा प्रश्न असेल तेथे स्थान लपविणे हा शुद्ध अविचार. आमच्या मामांच्या गावापासून काही कोसांवर, उजनी धरणाच्या फुगवट्यात, २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. तेथे मिळेल तितके ज्ञान, मिळतील तितकी साधने हवीत. जुन्या विद्येचे कौतुक तेथे कोणी करू नये. परंतु खेळात बुडालेली नौका पुन्हा निघते. चुकून शिकण्याची जी चैन खऱ्या पाण्यावर परवडत नाही, ती फुकट देणे हेच तर खेळाचे काम! म्हणून खेळाने स्थान झाकावे, सूर्य, तारे, घड्याळ, होकायंत्र ही साधने मात्र हाती द्यावीत. आणि ज्यास अगदीच धीर निघत नाही त्याच्यासाठी एक पेटी ठेवावी. साधने न देता नुसतेच स्थान झाकणे हा निव्वळ छळ होईल, हेही आम्ही कबूल करतो.

एवढे झाल्यावर वाद आम्ही जिंकला असे वाटून आम्ही निश्चिंत झोपलो. परंतु खरा निकाल पुढे उन्हाळ्यात लागला, आणि तो सर्वस्वी आमच्या बाजूचा नव्हता.

मामांचे मूळ घर जुन्या पळसदेवात. उजनीचे धरण झाले; भीमेचे पाणी फुगले, आणि ते गाव त्याखाली गेले. पाणी ओसरू लागले की पळसनाथाच्या जुन्या देवळाचे शिखर वर डोकावते. मामांची एकदा तिकडे जाण्याची इच्छा होती. ओळखीच्या मच्छीमाराची होडी ठरवून, अंगावर तरंगती जाकिटे चढवून आम्ही तिघे निघालो. भाच्याने मोबाइल उघडला. त्यात निळा पसरलेला रंग आणि त्यावर एक ठिपका. "आबा, आपण इथं आहोत," तो म्हणाला. मामांनी तिकडे पाहिलेही नाही. देवळाचे शिखर आणि पलीकडच्या काठावरील टेकाड यांचा मेळ ते डोळे बारीक करून लावीत होते. "अजून थोडं डावीकडं," ते नावाड्यास म्हणाले. दोन्ही खुणा एका रेषेत आल्यावर त्यांनी हात वर केला. "हां. इथं आपली विहीर. आन् तिकडं, वीस पावलांवर, उंबरा."

किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरून जागा ओळखण्याची हीच रीत कोकणचे तांडेल वापरीत आले आहेत. मामांनी ती कोणाकडूनही शिकलेली नव्हती. कोणी काही बोलले नाही. मामांनी वाकून हात पाण्यात बुडविला.

तेव्हा आमच्या मनात आले की, मामांचे वय आता ब्याऐंशी. हा मेळ लावणारे डोळे आणखी किती उन्हाळे आहेत? आणि ज्यांनी भाच्याच्या पडद्यावरील आकड्यांस नावे ठेवली त्या आम्हीच घाईघाईने म्हटले, "अरे, ते आकडे लिहून घे!" भाच्याने आमच्याकडे पाहून स्मित केले, पण टोमणा मारला नाही. त्याने आकडे लिहिले आणि त्यांपुढे 'विहीर' असा शब्द लिहिला.

परत आल्यावर भाच्याने दिनदर्शिकेच्या जुन्या पानाचा तुकडा फाडून संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यावर, जेथे आकडे येतात तेथे, चिकटविला. आता तो आधी आपला अदमास वहीत लिहितो आणि मग कागद उचलून पाहतो. परवाच्या पत्रात त्याने कळविले आहे की, अझोर्स बेटे त्यास चाळीस मैलांनी हुकली. आणि पत्राच्या सुरावरून तो त्याबद्दल फारच आनंदात असावा असे दिसते.