शिरूर अनंतपाळची हवा कोण मोजणार?

जानेवारी २०२१ मध्ये नवी मुंबईत, खारघरला, वातावरण फाउंडेशनने रस्त्याकडेला एक मोठ्ठी फुफ्फुसांची जोडी उभी केली होती. पांढऱ्याशुभ्र फिल्टरची, मागे हवा ओढणारे पंखे. दोन आठवड्यांच्या आत ती काळी पडली.

मला ही आयडिया जाम आवडते. 'पीएम २.५ आज १२०' म्हटलं की माणूस जांभई देतो. काळं फुफ्फुस बघून मात्र थबकतो. पण अशा गोष्टी मुंबई-पुण्यातच जास्त घडतात. लातूर शहर निदान २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत तरी आलं. त्याच जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावाचं काय? फोनवर अशा गावाचा जो आकडा दिसतो, तो बरेचदा उपग्रह आणि मॉडेलवरून काढलेला अंदाज असतो. आणि आपण तर धरूनच चालतो की गावाकडची हवा म्हणजे एकदम झकास!

असं कसं? सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की हडंबा भुसा उडवतोय. ऊस गेला की पाचट पेटतंय. संध्याकाळी चुलीत तुराट्या नि गोवऱ्या. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी सिलिंडर पोचला, पण तो संपला की चूल आहेच.

आठवीची पोरं हे स्वतः मोजू शकतात. पांढऱ्या कार्डावर एकेक सेंटीमीटरचे चौकोन आखायचे, वर व्हॅसलिनचा पातळ थर. एक कार्ड वर्गात, एक रस्त्याकडे, एक शेताच्या बाजूला. सगळी सारख्याच उंचीवर. आणि एक बंद डब्यात! हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. दोन दिवसांनी भिंग घेऊन चौकोनातले ठिपके मोजायचे.

अर्थात कार्डावर दिसतात ते मोठे कण. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी छोटा लेझर सेन्सर लागतो, काही हजारांत मिळतो. पण धुक्यात, दमट हवेत तो आकडा फुगवून सांगतो. पोरांना हेही कळू दे. यंत्रावरही शंका घ्यायची असते, हा धडा काही कमी नाही :-)

आता खरी मेख. कार्डं घरी नेली, की वर्गात सगळ्यात काळं कार्ड कुणाचं निघणार? जिच्या घरी चूल, तिचं. पोरगी खाली मान घालून बसणार, आणि आपण विज्ञान शिकवल्याच्या आनंदात! म्हणून घराशी घर ताडायचंच नाही. एकाच स्वयंपाकघरात दोनदा मोजायचं: खिडकी बंद नि उघडी, ओलं सरपण नि वाळलेलं. मग 'कुणाची हवा वाईट' हा प्रश्नच उरत नाही. धूर कधी होतो, कशाने होतो नि काय केलं की कमी होतो, एवढंच उरतं. आणि याची निम्मी उत्तरं आईला आधीच ठाऊक असतात. तिला विचारायचं, तिला शिकवायला जायचं नाही.

सुरुवात शाळेतल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरापासून करावी हे उत्तम. ते कुणा एकाचं घर नाही. तिथे आकडा वाईट निघाला, तर मान मुलांना नाही, मोठ्यांना खाली घालावी लागेल.