करंजावरचे निळे पाखरू

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड आज संगणकाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून राहावे म्हणून वसविलेल्या या गावात आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि महाराष्ट्रातून आलेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे त्यांत नांदत आहेत. तथापि आपल्याकडचे करंजाचे झाड येथेही भेटते. कानडीत त्याला 'होंगे' म्हणतात.

वसंताच्या सुमारास करंजाची जुनी पाने गळून तकतकीत पालवी फुटते आणि पाठोपाठ फिकट जांभळट फुलांचे तुरे येतात. अशा वेळी, वाचकहो, सकाळचे ऊन वर आल्यावर घटकाभर त्या झाडापाशी थांबून पाहा. जेमतेम तीन सेंटीमीटर पंखविस्ताराची फिकट निळी फुलपाखरे पालवीभोवती भिरभिरताना दिसतील. इंग्रजीत यांना 'कॉमन सेरूलियन' म्हणतात. शास्त्रीय नाव 'जॅमिडिस सेलेनो'.

मौज अशी की, डोळ्यांत भरणारा निळा रंग ओळख पटविण्याच्या कामी फारसा येत नाही. निळी फुलपाखरे अनेक जातींची असतात. पाखरू पंख मिटून बसले म्हणजे निळाई लपते आणि पंखांची खालची बाजू दिसते. खरी ओळख तेथे असते. करड्या-तपकिरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या जोड्या, मागील पंखाच्या कोपऱ्यात नारिंगी कड असलेला काळा ठिपका आणि केसासारखी बारीक शेपटी, एवढे पाहावे. वाटाण्याच्या वेलावर येणाऱ्या 'पी ब्लू'च्या खालच्या बाजूस नागमोडी रेषा व कडेजवळ एक रुंद पांढरा पट्टा असतो. चित्रकाभोवती घुटमळणाऱ्या 'झेब्रा ब्लू'चे पट्टे नावाप्रमाणेच गडद असतात.

तो ठिपका व शेपटी ही केवळ शोभा नव्हे. बसलेले पाखरू मागील पंख एकमेकांवर घासते, तेव्हा शेपट्या मिशांप्रमाणे हालतात आणि ठिपका डोळ्यासारखा भासतो. पक्षी फसून तेथेच चोच मारतो. पंखाचा तुकडा जातो, परंतु जीव वाचतो.

मादी अंडी घालते ती कोवळ्या पालवीवर व कळ्यांवर. अळ्या गोड रस पाझरवितात, म्हणून मुंग्या त्यांच्याभोवती राहून जणू पहारा देतात. आमच्या आवारातील करंजांवर अळ्या दिसताच औषध फवारण्याचा विचार निघाला होता. आम्ही शेजाऱ्यांना अळ्या दाखविल्या आणि तीन आठवड्यांची मुदत मागितली. मुदत सरेपर्यंत झाडे हिरवीगार झाली, मुले निळी पाखरे मोजू लागली आणि फवारणीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

आपल्या दारी करंज असेल तर यंदा एवढेच करा: पहिली पालवी व पहिले निळे पाखरू ज्या दिवशी दिसेल, ती तारीख मुलांकडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहवून घ्या. आणि तोवर झाडावर औषध मारू नका.